टेकण

शिकाऱ्यांची जप्त केलेली पाच कुत्री
वनखात्याच्या शेडमागे.
मला राखणीला भुंकणारा हवा होता.
ढोरांचा डॉक्टर म्हणाला, काळा नेऊ नका,
तुमच्याकडं बकऱ्या आहेत.
पिवळ्याला माणसाचा हातच सोसेना.

ही पाचवी.
फासळ्या मोजून घ्याव्यात अशी,
कानाला तारेची जुनी चीर.
भुंकली नाही. आली,
अन् माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली,
बाजारात थकलेली बाई खांबाला टेकते तशी.

"हे काय राखण करीन बाप्पा?"
गुंफा म्हणाली,
अन् दुधात भाकर कुस्करली.

आता तुरीच्या धुऱ्यावरून ससा निघतो.
हिच्या मांड्यांत काहीतरी ताणलं जातं.
मी हाक मारत नाही,
नाव अजून ठेवलेलं नाही.
ती माझ्याकडं बघते.
ससा पऱ्हाटीत शिरतो.