निवासी वापर

लिफ्टमध्ये वाळू. पुन्हा.
जिन्याच्या कठड्यावर स्कुबाचे काळे पोशाख
निथळतायत, माणसं सोलून ठेवल्यासारखे.
तीनशे दोनचा मालक डोंबिवलीला,
घर मात्र रोज नव्या लोकांना भाड्याने.
नाव ठेवलंय सी-व्ह्यू.
समुद्र दिसतो संडासाच्या खिडकीतून,
तोही टाचा उंचावल्या तर.

टाकीतलं पाणी सकाळी नऊलाच संपतं.
रेवंडकर म्हणाले, "सेक्रेटरी तुमी मां?
मगे लिवा नोटीस."

पोस्टात एकतीस वर्षं काढली मी,
कागदाला कागदासारखं बोलायला लावता येतं मला.
लिहिलं: सदर इमारत केवळ निवासी वापरासाठी असून
कोणताही व्यवसाय, मग तो कितीही
इथे पेन थांबलं.

कितीही काय?

खाली एकशे चारात गिरकरबाई
पहाटे साडेपाचपासून बिडाच्या तव्यावर घावणे घालतात,
आणि डबे जातात कुठे, तर तीनशे दोनलाच.
सभेत सगळ्यात मोठ्याने त्याच ओरडल्या होत्या.
कुबलांच्या बाल्कनीत कोकमाची सोलं, विकायची,
त्यांचा लाल रस खोब्रेकरांच्या चादरींवर,
तीन उन्हाळे झाले. खोब्रेकर बोलत नाहीत:
त्यांच्या पार्किंगात मे संपेपर्यंत आंब्याच्या पेट्या,
गाडी रस्त्यावर.

आणि माझ्या दारावर पितळी पाटी.
अल्पबचत प्रतिनिधी. वेळ चार ते सहा.

कितीही लहान असो, असं लिहिलं शेवटी.
सही, शिक्का. भाताच्या खळीने
मीटरच्या खोक्याशेजारी चिकटवली.
मग पेचकस घेऊन स्टुलावर चढले.
तीन स्क्रू निघाले. चौथा खाऱ्या हवेने धरून ठेवलेला,
त्याला आधी खोबरेल, मग शिव्या.
पाटीखालचा रंग अजून
नव्या घराचा होता.

पुढच्या सभेत सांगणार होते,
बघा, सुरुवात माझ्यापासून.
कोणी विचारलंच नाही.
गिरकरबाईंनी नोटीस उभ्याउभ्या वाचली,
डबे मोजले
आणि वर गेल्या.

रात्री सव्वाबाराला बेल.
दारात बॅगा, एका खांद्यावर झोपलेलं मूल.
"सी-व्ह्यू हेच ना? बाकी सगळ्या दारांवर
नावं आहेत, म्हणून वाटलं."

वर, म्हटलं. अजून एक मजला. डावीकडे.
लिफ्ट बंद आहे, वाळू अडकलीय.
मुलाची एक चप्पल पायपुसण्यावर पडली होती,
ती उचलून दिली.