एकसष्टावं मिनिट

कंपनीचं पत्र आलं, जाड कागदावर.
कागद जाड असला की बातमी वाईट,
हे मला रेगच्या आजारपणापासून ठाऊक आहे.
'प्रिय ग्राहक, आपल्या सोयीसाठी...'
माझ्या सोयीसाठी लाइनचं भाडं दीड पौंडाने वर,
माझ्या सोयीसाठी स्वस्त संध्याकाळ
सहाऐवजी सातला सुरू,
आणि दिवसा, नुसता तिकडे फोन उचलला की
कुणी 'हॅलो' म्हणायच्या आत
एकवीस पेन्स.

चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. आकडे तेच.

ग्रिम्सबीच्या गोदीत तीस वर्षं
हॅडॉकला धुरी दिली मी.
मासा कधी उतरवायचा ते घड्याळ न बघता कळायचं.
आता ही कंपनी मला वेळ शिकवणार!

कोपऱ्यावरच्या शिवपालनने कार्ड दिलं.
नाण्याने खरवडा, बारा आकडे दाबा,
मग आणखी अकरा, मग चौकट.
माझं बोट नवव्यावर अडखळतं
आणि एक बाई दरवेळी तितक्याच मायेने सांगते
की माझा नंबर चुकलाय.
नातू म्हणाला, मोबाइल घे.
घेतला. ड्रॉवरमध्ये आहे, चार्जरसकट.

वाट सापडली ती पत्राच्या पाठीवर,
मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत:
सातनंतर पहिली साठ मिनिटं फुकट,
पुढे मिनिटाला तेरा पेन्स.
म्हणजे साठच्या आत ठेवा, पुन्हा लावा,
पुन्हा साठ.
कंपनी शहाणी, तर मी दीडशहाणी.

थेल्मा फ्लीटवुडला असते, देशाच्या दुसऱ्या कुशीला.
तिच्या गुडघ्यांना जिने सोसत नाहीत,
माझ्या डोळ्यांना रात्रीची गाडी.
म्हणून दर गुरुवारी सातला मी अंड्याचं घड्याळ
अठ्ठावन्नावर पिळून फोनशेजारी ठेवते.
कोण गेलं, मार्मलेड केवढ्याला झालं,
शेजारच्या कुत्र्याने तिच्या डेलियावर पुन्हा काय केलं.
घड्याळ किंचाळतं, आम्ही फोन ठेवतो,
आई जिना चढताना दिवा मालवणाऱ्या दोघी जशा.
मी पुन्हा लावते. पहिल्याच घंटेला ती,
"हं, कुठे होतो आपण?"

मागच्या गुरुवारी ती म्हणाली,
"एव्हिस, परवा त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की..."
आणि घड्याळ वाजलं.
माझं बोट सवयीने खाली गेलं.
बोटाला काय कळतं. त्याने तेरा पेन्स वाचवले.

पुन्हा लावला. पाचव्या घंटेला उचलला.
"कुठे होतो आपण?" मीच विचारलं.
"डेलियावर," ती म्हणाली.
मग तासभर डेलिया.

दिवसा लावता आला असता.
एकवीस पेन्स काही डोंगर नव्हे.
पण दिवसा घंटा वाजली की थेल्माच्या छातीत धस्स होतं,
दिवसाचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं.
आठवडाभर मी पडदे धुतले. धुतलेलेच पुन्हा धुतले.

या गुरुवारी घड्याळ टॉवेलात गुंडाळून
ब्रेडच्या डब्यात घातलं.
तरी वाजलंच, तळघरातून हाक यावी तसं.
"अगं, वाजलं," थेल्मा म्हणाली.
"वाजू दे."
एकोणसाठ. साठ.
तिच्याकडे किटली शिट्टी घालत होती,
कुणी उठून बंद केली नाही.
"तेरा पेन्स," ती म्हणाली.
"सव्वीस," मी.
"एकोणचाळीस. एव्हिस, ठेव आता."
"नाही ठेवत."

मग तिने ते वाक्य सांगितलं,
पहिल्यापासून.

बिल आलं. ओळीमागून ओळ, सगळ्यांपुढे शून्य,
आणि एका गुरुवारपुढे
बत्तीस मिनिटं, चार पौंड सोळा.
शिवपालनच्या काउंटरवर सुटे मोजून भरले.
त्याने पावती फाडली, आकडा पाहिला, हळहळला,
"कार्डावर हेच दीड पौंडात झालं असतं, मिसेस क्रॉफ्ट."

झालं असतं, म्हटलं.
आणि दुधाची पिशवी उचलली.