घट

बाबा सराफ्यात सोनं कसाला लावतात.
काळ्या दगडावर एक रेघ, वर आम्लाचा थेंब,
रेघ किती उरली त्यावरून
कुणाच्या तरी लग्नाचा खर्च निघतो.
रात्री शटर पडतं, त्याच ओट्यावर
गराडूवाला कढई मांडतो,
आणि बाबा लोकमान्यनगरला येतात
नखांत काजळी घेऊन, कुणाचंच सोनं न घेऊन.

ते झोपले की मी खाणीत उतरते.

उत्तरेकडच्या दरीत चाळीस खडक आहेत.
फोडले की अकरा मिनिटांनी पुन्हा उगवतात.
चारशे फोडावेत तेव्हा निळ्या धातूचा एक तुकडा,
सात तुकड्यांची एक तलवार,
आणि ती तलवार अशा माणसाला हवी असते
ज्याच्याकडे पैसा आहे, अकरा मिनिटं नाहीत.
दोन रात्री, दोन हजार तीनशे रुपये.
आईला वाटतं मी कुणाचं टायपिंग करते.
गिऱ्हाइकं मला भाऊ म्हणतात.
खेळात मला दाढी आहे. मी काही बोलत नाही.

एकदा बाबा पाणी प्यायला उठले
आणि तांब्या हातात धरून माझ्या मागे उभे राहिले.
काय आहे हे?
तलवार.
कुणाची?
पहाटेपर्यंत माझी. मग ओस्लोच्या एकाची.
वजन?
मी कोपऱ्यात बघितलं. तिथं खरंच लिहिलं होतं : बारा.
बारा काय?
नुसतंच बारा.
हसतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं,
घट किती धरतात?

कुणी आजवर विचारलं नव्हतं.
मी सांगितलं : दलाल आठ टक्के, बँक रुपये करताना थोडे,
आणि कंपनीला कळलं, तर सगळंच.
कंपनीला चालत नाही?
नाही.
मग चोरीचा माल म्हण.
नाही बाबा. खडक मी फोडलेत. डोंगर फक्त त्यांचा आहे.

ते पलंगाच्या कडेला बसले, तांब्या मांडीवर.
पहाटे आमच्या गल्लीत दयाराम झाडायला येतो, म्हणाले,
कचऱ्याला हात लावत नाही. धूळ नेतो.
ओट्याखालची, फटींतली, नालीतला गाळसुद्धा.
घरी नेऊन धुतो. महिन्याला दीड मासा निघतो म्हणतात.
आमच्याच हातून सांडलेलं, आम्हाला न दिसलेलं.
शेठ त्याला अडवत नाहीत.
एवढं बोलून निजायला गेले.
तांब्या माझ्याकडेच राहिला.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी कंपनीने नियम बदलला.
आता दर तिसऱ्या खडकात निळा धातू.
दरीत जत्रा भरली. नऊ वर्षांची पोरं
माझ्या शेजारी घण घालत होती.
सकाळपर्यंत तलवार नव्वद रुपयांवर,
आणि माझ्या पोतडीत सहा.

बाबांनी चहाचा कप ठेवला, तोंड बघितलं.
कितीवर आलाय?
नव्वद.
त्यांनी जीभ टाळ्याला लावून आवाज केला,
भाव कोसळल्याच्या दिवशी पेढीवर करतात तोच.
धीर वगैरे दिला नाही.
म्हणाले, दाखव तुझा डोंगर.

माउस त्यांनी चिमट्यासारखा धरला,
अंगठा आणि तर्जनी, बाकीची बोटं वर.
गर्दीपासून लांब, कडेचा एक खडक निवडला.
फोडला. आत काही नव्हतं.
आता?
आता थांबायचं.

शेठचा फोन दोनदा वाजला.
चहावर साय धरली. खाली भंगारवाला
एकाच कुकरसाठी तिसऱ्यांदा घासाघीस करत होता.
बाबा डोळ्यांना भिंग नसतानाही
एक डोळा मिटून पडद्याकडे बघत होते.
मी त्यांच्याकडे.

उगवला, ते म्हणाले,
दूध वर आल्यावर सांगतात तसं घाईने,
आणि चपला शोधू लागले.