उसनं नाक

बावीस वर्षं भिवापूरच्या सातऱ्यावर
मिरचीचे देठ खुडले.
किलोवर मजुरी. तोंडाला दुपट्टा, बोटांना खोबरेल,
तरी ठसका घरापर्यंत सोबत चालत यायचा
आणि रात्री कणकेत हात घातला
की परातीतलं पाणीसुद्धा पेटायचं.

नाक कधी गेलं, कळलं नाही.
एक दिवस डाळ करपली
तर तिसऱ्या घरातून पंचशीला धावत आली,
‘काय जाळून राह्यली वो निरंजना, घर का?’
मी चुलीपुढेच बसले होते.

उमरेडच्या डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं.
मी सांदवाडीत सांबार पेरला.

धणे चपलेखाली रगडले, दोन-दोन फाका,
रात्रभर भिजवून राखेत कालवले.
तेलाच्या फुटक्या पिप्यात लसणाची पात,
न्हाणीच्या पाण्यावर पुदिना,
विहिरीच्या अंगाला गोडनिंब होताच,
त्याची पिलं दरसाल बाजूला निघतात, तीही जगवली.
उन्हं तापली की वर जुनं लुगडं बांधते,
फाटल्या जागेतून ऊन ठिपक्या-ठिपक्यांनी उतरतं.

आता पानं मला बोटांनी कळतात.
ओव्याचं पान म्हणजे वासराचा कान.
पुदिना, धुणं धुतल्यावर सुरकुतलेलं बोट.
गवती चहा न विचारता कापतो.
सांबाराला तर अंगच नाही,
चिमटीत धरला की संपला.
मी चुरगाळते, नाकाशी नेते, थांबते.
बंद घराची कडी वाजवावी
आणि आत कुणी नाही हे माहीत असावं, तसं.

मिरची तेवढी लावली नाही.
लोक विचारतात. मी म्हणते,
आमची ओळख जुनी आहे, पुरे झाली.

मग माणसांकडे पाहायला शिकले.
पोरांच्या पोटात दुखलं की
रात्री-बेरात्री कुणी ओव्याची पानं मागायला येतं,
टॉर्चच्या उजेडात त्याचं तोंड पाहते:
भुवया वर गेल्या तर पान जून झालं,
नाकपुडी नुसती हलली तर कोवळं.
पोस्टमन मरव्याची काडी कानामागे खोचतो
आणि गल्ली संपेपर्यंत हळू सायकल चालवतो.

शेजारच्या मेश्रामांची नवी सून, तेजल.
पहिल्याच दिवशी कुंपणावरून म्हणाली,
‘काकी, कोथिंबीर आहे का?’
पंचशीला पोट धरून हसली.
‘सांबार म्हन वो बाई! कोनत्या गावची तू?’
‘साताऱ्याची.’
‘घ्या! हे साताऱ्याची अन् तू सातऱ्याची!’

तेजलने जुडी नाकाशी धरली,
धरली ती धरलीच. डोळे भरले.
ते मला वाचता आलं.
म्हटलं, पोरी, कसा आहे वास, सांग.
ती गडबडली. हिरवा, म्हणाली. मग,
‘पाटा धुतलेलं पाणी जिथे रोज सांडतं ना,
तिथल्या ओल्या मातीसारखा. माहेरच्या.’
पंचशीलाला विचारलं होतं मागे एकदा.
‘सांबार सांबारासारखा वासते. आनखी कसा?’
दोघींचं खरं असेल.

परवा पहाटे बकरी शिरली.
लुगडं ओढलं, सांबार सपाट,
मरव्याची कुंडी लोळवली, वर पाय देऊन नाचली.
मी झाडू घेऊन शिव्या देत उभी,
खाली नुसता चिखल आणि देठ,
देठ खुडण्यातच जन्म गेलेल्या बाईपुढे
पुन्हा देठच.

कुंपणापलीकडून तेजलचा झोपाळू आवाज:
‘काकी, काय घमघमाट सुटलाय हो!
मरवा… इथपर्यंत येतोय.’

कुठपर्यंत? मी विचारलं.

ती पदर खोचून बाहेर आली.
हुंगत हुंगत चालली आमच्या अंगणातून,
न्हाणीजवळ आहे, म्हणाली, विहिरीजवळ कमी,
तुळशीपाशी आहे,
आणि इथे, तुमच्या उंबऱ्यावर, एकदम दाट.

मी झाडू टेकवून ठेवला.
चिखलाच्या पायांनी जाऊन
उंबऱ्यावर उभी राहिले
थोडा वेळ.