वगळायची यादी

मे महिना. बर्डीवरचं तळघरातलं दुकान.
वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून बसतो न बसतो
तर हेडाऊ बाई आल्या,
जुना संगणक चादरीत गुंडाळून, कडेवर घेतल्यासारखा.
सगळं नव्या डिस्कवर पाठवा, म्हणाल्या,
फक्त ‘हेमराज’ नावाचं फोल्डर नको.
त्यातलं काही म्हणजे काही नको.

सोपं आहे, मी म्हटलं.
एका ओळीचा नियम: हे नाव दिसलं की मागे फिरायचं.
यंत्र तोंड पाहत नाही, नाव पाहतं,
आमच्या महालातल्या नातेवाइकांसारखं.

मग कोरडा सराव घेतला.
म्हणजे पाठवायचं काहीच नाही,
नुसतं विचारायचं, पाठवलं असतं तर काय गेलं असतं.
पडद्यावरून नावं उतरू लागली:
वीजबिलं, आयटीआयचा दाखला,
वास्तूचे दोनशे चौदा फोटो.
बाई चष्मा कपाळावर सरकवून वाचत होत्या.
थांबा भाऊ. रेवतीचा आवाज?
दीड वर्षाची होती, ‘बाबा’ म्हणायला जाते आन् ‘बुबू’ म्हणते.
त्याच्यातच असन तो.

मी दुसरा नियम लिहिला: हा आवाज घ्या.
गेला नाही.
पहिल्याच्या वर लिहिला, खाली लिहिला.
गेला नाही.
वीस वर्षं हेच करून राहिलो, तरी विसरतो:
दारातूनच परत फिरलेला माणूस
आतल्या पाळण्यापर्यंत पोचत नाही.
बाप वगळला
की लेकराचं नाव कोणी पुकारतच नाही.

सांगितलं त्यांना.
आधी ते दार उघडावं लागेल,
आत जायचं, एवढं उचलायचं, बाकी तिथंच सोडायचं.
पण फोल्डर तिकडे जाईल. नावासकट.

वर रस्त्यावर बसचा हॉर्न, बराच वेळ.
बाईंनी पाण्याची बाटली उघडली,
न पिता झाकण लावलं.
रिकामंच जाईन ना?
एका आवाजाएवढं भरलेलं, मी म्हटलं.
मग जाऊ द्या.

अकरा सेकंदांचा आवाज.
जायला एकही लागला नाही.
ऐकता का?
इथं नको.

पावती कोणाच्या नावानं करू?
रेवतीच्या.
मधलं नाव मी विचारलं नाही,
रेवतीच्या पुढे हेडाऊ लिहायला घेतलं,
तर बोट ठेवलं त्यांनी कागदावर.
इथं हेमराज.