दगडाचा रंग

शोनाग पावसाची वाट पाहत नाही. हॅरिस बेटावर
कुणीच पाहत नाही. ती पाऊस थांबायची पाहते,
कारण भिजल्या खडकावरून दगडफूल सोपं सुटतं.
हातात चमचा, एका बाजूनं झिजलेला.
सासूच्या आधी तो कुणाचा होता,
ते विचारायचं राहूनच गेलं.
खरवडते, पण सगळं नाही.
"तळहाताएवढं व्हायला त्याला माझं अर्धं आयुष्य लागतं."

आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं हे लांबचं भावंड.
मी सांगितलं, आमच्याकडे हे खातात.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
जशी मी चहात मोजे बुडवून पिते म्हणाले होते.

घरामागे तीन दगडांवर लोखंडी हंडा,
खाली पीटची आच, धूर जमिनीलगत.
एक थर दगडफूल, एक घडी ब्लँकेट,
पुन्हा थर, पुन्हा घडी,
वर गार पाणी.
याला तुरटी लागत नाही. नुसता दिवस लागतो.
"आणि उकळू द्यायचं नाही. लोकर दचकते.
एकदा दचकली की आक्रसते ती जन्माची,
पलंगावरचं पाळण्यापुरतं उरतं."

हंड्यात आज दोन.
एक मोहेरचं, इश्बलनं पोर्ट एलिझाबेथहून धाडलेलं,
इतकं पांढरं की तीन वर्षं कुणी अंगावर घेतलं नाही.
दुसरं घरच्या मेंढ्यांचं, खरबरीत,
टॉर्मोडच्या बोटीत, त्याच्या अरुंद फळीवर
चाळीस वर्षं झोपलेलं.
कांद्याच्या सालींचा त्याचा पिवळा
आता ताकासारखा झालाय.

पिवळाच का, मी विचारलं.

"हा रंग खडकाचा. खडकाचं खडकाकडे जातं.
दगडफुलात रंगवलेलं घालून समुद्रावर गेलं
तर माणूसही तळाशी जातो. असं म्हणतात."
म्हणतात, म्हणून चाळीस वर्षं
त्याच्या मोज्याचा एक धागासुद्धा
तिनं या हंड्यात पडू दिला नाही.
बंदरावर हसायचे सगळे:
आला शोनागचा पिवळा पिल्लू!

टॉर्मोड मार्चमध्ये गेला.
स्टॉर्नोवेच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
कोरड्या, इस्त्रीच्या चादरीवर.
समुद्राला काही मिळालं नाही.

"आता चालेल,"
ती म्हणते, आणि काठीनं
त्याला हळूच पाण्याखाली दाबते.

रात्रभर हंड्यातच निवू दिलं.
सकाळी कोमट पाण्यात कोमट धुणं,
पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून नुसतं दाबायचं,
दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या,
वाऱ्यात एक झटका, आणि दगडफुलाचा चुरा
तोंडावर, केसांत, माझ्या चष्म्यावर.
मोहेरनं रंग अधाशासारखा प्यायला होता,
तांब्याच्या घंगाळासारखं झगझगत होतं.
मेंढीच्या लोकरीनं तोच रंग पोटात ठेवला,
वर काही दाखवलं नाही.

मग मुर्दो आला, तिचा भाचा,
सॅल्मनच्या शेतीवर बोट चालवतो,
लाइफ जॅकेट घालतो, देवळात जात नाही.
"घेऊन जा एक," ती म्हणाली.
तो हसला. असलं काही मी मानत नाही, म्हणाला.
दोन्हींवरून हात फिरवला,
मातीचा, धुराचा तो वास घेतला,
आणि कपाटातलं जुनं पिवळं मागून नेलं,
कसरीनं तीन ठिकाणी खाल्लेलं.
ती काही बोलली नाही. भोकं दाखवून
सुई-दोरा मात्र दिला बरोबर.

दोरीवर टाकलं तर ओलं ब्लँकेट
स्वतःच्याच वजनानं लोंबतं, म्हणून
दोन्ही उताणी पसरली, उताराच्या खडकांवर.
मोहेर सुकत आलं की ब्रशनं केस उठवायचे, एकाच दिशेनं.
तोवर चहा. तोवर तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्याची निंदा.
बाहेर आलो तेव्हा उजेड संपत होता.

मोहेर सापडलं, चमकलं म्हणून.
दुसरं दिसेना.
वाऱ्यानं नेलं म्हणावं तर वारा पडलेला.
शोनाग गुडघ्यांवर बसली
आणि उतारावरचे खडक
एकेक करून चाचपत गेली,
गार, गार, गार,

मग तिचा हात एका जागी थांबला.
तिनं लगेच उचललं नाही.