तीस मिलिमीटर

मानेचा फोटो बघून डॉक्टर म्हणाला, आता वाकायचं नाही.
सिर्पा घरी आली, कुह्मोच्या थंडीत शेड उघडली,
हँडलखाली ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे बसवले.
दोन बोटांहून कमीच उंची.

जुने बोल्ट आखूड पडले.
लांब मिळाले ओस्मोकडे,
दोन गोठवलेल्या माशांच्या बदल्यात.
पाना टक् म्हणाला की थांबायचं.
कुठे थांबायचं, हे सांगणारं
कुणीतरी आहे अजून.

इंजिन सुरू केलं. हँडल डावीकडे वळवलं
तर गाडी आपणहून गुरगुरली:
हँडल वर आलं होतं,
केबल जुन्याच मापाची.

पुन्हा टाकी उतरवली.
तार फ्रेमच्या आतल्या वाटेने ओवली.
बाहेर तळ्यावरचा बर्फ तडकत होता.

मग बसली. ताठ.
आरशांत नुसतं आभाळ.
राहू दे, म्हणाली,
उद्या बघू.